वीज गेली की खापर सूर्यावर का?



२८ एप्रिल २०२५ च्या दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश जवळपास पूर्ण ठप्प झाले. स्पेनमध्ये पाचेक सेकंदांत सुमारे १५ हजार मेगावॅट वीज गायब झाली. रेल्वे जागच्या जागी उभ्या, सिग्नल बंद, मोबाइल मुके. तिकडे दिवे पुरते लागायच्या आत इकडे आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर निकालही लागला: सौरऊर्जेनं घात केला, शेवटी कोळसा तो कोळसाच!

स्पेन सरकारचा चौकशी अहवाल जूनमध्ये आला. त्यात वेगळंच निघालं. त्या दिवशी ग्रीडवरचं व्होल्टेज चढत गेलं आणि ते आवरायला पुरेसं कुणी नव्हतं. ज्या पारंपरिक केंद्रांना नेमकं याच कामासाठी चालू ठेवलं होतं, त्यांनी ते हवं तेवढं केलं नाही. सौर आणि पवन प्रकल्पांना हे काम जुन्या नियमांनी सोपवलेलंच नव्हतं. व्होल्टेज चढलं, एक प्रकल्प सुटला, त्यामुळे ते आणखी चढलं, मग दुसरा सुटला. अंधार झाल्यावर नियम बदलला. तो आधीही बदलता आला असता.

ही परदेशातली भानगड वाटत असेल तर आपल्याकडच्या कुठल्याही डीपीपाशी जाऊन उभे राहा. लाइट आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एका दमात सुरू होतात, तिथे चढलेलं व्होल्टेज इथे बसतं, मोटार नुसती गुरगुरते, पाणी चढत नाही. कधी डीपीच जळते. महावितरण वर्षानुवर्षं शेतकऱ्याला सांगत आलं आहे: ऑटो स्विच काढा, मोटारीला कॅपॅसिटर बसवा. सल्ला रास्त आहे. तो छोटा डबा मोटारीचं चुंबकत्व उभं करायला लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर जागेवर पुरवतो, तारेवरचा ताण कमी होतो, व्होल्टेज टिकतं. आमचा प्रश्न एवढाच की पाच एचपीच्या मोटारवाल्याला जे कर्तव्य सांगता, ते शेकडो मेगावॅटच्या प्रकल्पवाल्याकडून वसूल करता का? नियम आहे. मोठ्या सौर आणि पवन प्रकल्पांनी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर द्यावी-घ्यावी, व्होल्टेज क्षणभर पडलं तर ग्रीड सोडून पळू नये, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या जोडणी मानकांत लिहिलेलं आहे. तरीही राजस्थानात एका झटक्यात हजार मेगावॅटहून जास्त सौर वीज ग्रीडवरून सुटल्याच्या घटना घडल्या आहेत.

कोळशाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. आपलं ग्रीड ५० हर्ट्झ फ्रिक्वेन्सीवर चालतं, ४९.९० ते ५०.०५ हा ठरलेला पट्टा. मागणी वाढली की आकडा घसरतो, घटली की चढतो. औष्णिक किंवा जलविद्युत केंद्रात टनावारी वजनाचे रोटर फिरत असतात. पेडल थांबवलं तरी सायकल थोडी पुढे जाते, तशी त्या फिरत्या वजनातली ऊर्जा बिघाडानंतरचे पहिले काही सेकंद सावरून धरते. सौर पॅनलमध्ये फिरणारं काही नाही. त्याची वीज इन्व्हर्टरमधून येते, आणि साधा इन्व्हर्टर दुसऱ्यांनी धरलेल्या तालावर चालतो.

पण म्हणून कोळसाच जाळत बसा, हा त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा. २८ सप्टेंबर २०१६ ला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळानं मनोरे कोसळले, चुकीच्या सेटिंगमुळे पवनचक्क्या पाठोपाठ बंद पडल्या आणि सगळं राज्य अंधारात गेलं. त्यांनी पवनचक्क्या मोडीत काढल्या नाहीत. सेटिंग बदलल्या. २०१७ मध्ये हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची बॅटरी बसवली. पुढे चार सिंक्रोनस कंडेन्सर उभारले, म्हणजे इंधन न जाळता नुसती फिरत राहणारी यंत्रं. ती फिरतं वजनही पुरवतात आणि व्होल्टेजही धरतात. आज तिथली निम्म्याहून बरीच जास्त वीज वारा आणि उन्हापासून येते. आपल्याकडे जुना औष्णिक संच निवृत्त होतो, तेव्हा त्याचं जनित्र अशा कामाला लावता येईल का, हे भंगाराची निविदा काढण्याआधी तपासायला नको?

आणि ३० व ३१ जुलै २०१२ विसरलात? दुसऱ्या दिवशी तर ज्या राज्यांची वीज गेली, त्यांची लोकसंख्या ६० कोटींच्या वर होती. तेव्हा देशात सौरऊर्जा जेमतेम हजारभर मेगावॅट. ग्रीड पडलं ते काही राज्यांनी ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढल्यामुळे आणि कमकुवत झालेल्या वाहिनीवर भार लोटल्यामुळे. त्या दिवशी सूर्याला कुणी आरोपी केलं नव्हतं.

उलट उदाहरणही आपलंच आहे. ५ एप्रिल २०२०, रात्रीचे नऊ. पंतप्रधानांनी नऊ मिनिटं दिवे मालवायला सांगितले होते. ग्रीड कोसळेल ही भीती आपल्या राज्याच्या तत्कालीन ऊर्जामंत्र्यांनीही जाहीर बोलून दाखवली होती. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटनं खाली आली आणि तितक्याच घाईनं वर गेली. ग्रीड पडलं नाही. कारण भार प्रेषण केंद्रांनी आधी तयारी केली होती, आणि जलविद्युत केंद्रांनी १७ हजार मेगावॅटहून जास्त उत्पादन उतरवून पुन्हा चढवलं. कोळशाच्या संचाला इतक्या वेगानं ही कसरत जमत नाही. पाण्याचा संच मिनिटांत हाताखाली येतो.

संध्याकाळी सूर्य मावळतो आणि घराघरांतले दिवे, पंखे, एसी सुरू होतात, तेव्हा ही कसरत रोज करावी लागते. त्यासाठी आपल्याकडे कोयना आहे, १,९६० मेगावॅटची. पण कोयनेचं पाणी मनाला येईल तसं सोडता येत नाही. पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी ही कृष्णा लवादानं घातलेली मर्यादा आहे. म्हणून तेच पाणी वर-खाली खेळवणारी घाटघरसारखी केंद्रं मोलाची. २५० मेगावॅटचं घाटघर २००८ पासून आहे: मागणी कमी असताना स्वस्त वीज वापरून पाणी वरच्या जलाशयात चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची. आता सह्याद्रीत अशा प्रकल्पांच्या करारांची रांग लागली आहे. तिथे आम्ही सरकारला सावध करतो. आधी असलेली धरणं जोडून काय साधतं ते बघा. साठवणुकीच्या नावाखाली जंगल आणि वाड्या-वस्त्या सरसकट कंपन्यांच्या पदरात घालाल, तर गाठ आमच्याशी आहे.

सरकारी जाहिरातीत मात्र फक्त मेगावॅट मोजले जातात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून हजारो मेगावॅटचे प्रकल्प उभे राहत आहेत आणि शेतकऱ्याला दिवसा वीज दिल्याचे फलक झळकत आहेत. दिवसा वीज मिळायलाच हवी. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशा पाळीनं पाणी देताना साप-बिबट्याच्या भीतीत माणसं बांधावर उभी राहिली आहेत. पण ही खिरापत वाटल्यासारखी भाषा बंद करा. दुपारी उन्हाची वीज उतू जाते तेव्हा ती खपवणारा सगळ्यांत मोठा आणि हलवता येणारा भार शेतीपंपांचा आहे. रात्रीचा पंप दुपारी चालला की संध्याकाळची चढण तेवढी सोपी होते. म्हणजे ग्रीड सावरण्याच्या कामात शेतकरी भागीदार आहे. भागीदाराशी उपकाराच्या सुरात बोलत नाहीत.

शहरी ग्राहकाचंही तसंच. स्मार्ट मीटर लावा, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचपर्यंतच्या वापराला सवलत घ्या, असं सांगितलं जातं. कल्पना चांगली. पण जो दिवसभर कामावर असतो तो दुपारी कपडे धुणार कधी? त्याचा गीझर, त्याच्या सोसायटीचा पाण्याचा पंप, त्याच्या रिक्षाचं चार्जिंग दुपारकडे कसं वळवायचं, हे त्याच्याशी बसून ठरवा. मीटर दारात येतो, माणूस येत नाही, म्हणून लोक चिडतात.

वीज नियामक आयोग दर ठरवताना सूचना व हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो. तिथे कोणीही ग्राहक जाऊ शकतो, मराठीत लिहून देऊ शकतो. पुढच्या वेळी दरवाढीवर बोलून झालं की एवढं विचारा: राज्यातले किती सौर आणि पवन प्रकल्प व्होल्टेजचा नियम प्रत्यक्षात पाळतात, त्यांची नावं आणि चाचण्यांचे निकाल जाहीर कुठे आहेत? नव्या बॅटऱ्यांच्या करारात फ्रिक्वेन्सी सावरण्याची अट आहे, की दुपारी भरून संध्याकाळी विकण्याचाच धंदा आहे? दुपारी किती सौर वीज बंद करायला लावली, कोणत्या वाहिनीत जागा नव्हती म्हणून, आणि तिचे पैसे कोणाच्या बिलात आले? उत्तर लेखी मागा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

— काही वीजग्राहक