फुकटची बादली

डिसेंबरची सकाळ, साडेसहाची वेळ. आमच्या मजल्यावर हमखास एक आवाज येतो, ‘खट्!’ लाईट गेली. मग प्रत्येक रूममधून एकच वाक्य, “कोणी लावला गं रॉड?” उत्तर सगळ्यांना माहीत असतं. सगळ्यांनीच!

परवा मेसमध्ये वाद झाला की आंघोळीचं पाणी तापवायला सर्वांत स्वस्त काय? एकजण म्हणाली रॉड, दुसरी म्हणाली गॅस, तिसरी म्हणाली थंड पाणी! म्हटलं, भांडण्यापेक्षा हिशेब करू. शेवटी आपण इंजिनीअर (होणार) आहोत ना?

एक बादली म्हणजे २० लिटर. नळाचं पाणी २० अंश, आपल्याला हवं ४५. फरक २५ अंशांचा. वीस गुणिले पंचवीस, म्हणजे ५०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे एका बादलीला साधारण ०.५८ युनिट. हिशेबाला सोपा म्हणून युनिटचा दर १० रुपये धरला, तर रॉडची बादली पावणेसहा रुपयांना पडते. गीझरचीही तेवढीच, आणि तो दिवसभर चालू ठेवला तर जास्तच, कारण टाकीतली उष्णता हळूहळू बाहेर जातच राहते.

आता गॅस. किलोला साधारण ११ हजार किलोकॅलरी, पण शेगडीवर त्यातली दोनतृतीयांशच पाण्यात शिरते. बादलीला ६५-७० ग्रॅम गॅस लागतो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर सव्वाचार रुपये. पण होस्टेलला घरगुती सिलिंडर चालत नाही. १९ किलोचा कमर्शियल १८०० रुपये धरला की तीच बादली सहा रुपयांच्या वर जाते. शिवाय गॅस गीझर बंद बाथरूममध्ये लावला तर कार्बन मोनॉक्साइडची भीती, ती वेगळीच.

हीट पंप हा फ्रीजचा उलटा भाऊ. हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो आणि एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांचं काम करतो. त्याची बादली दोन रुपयांना!

आणि सोलर? ऊन फुकट. मग आमच्या गच्चीवर सोलर असताना रॉड का? कारण पाइप. एक इंची पाइप ३० मीटर लांब असेल तर त्यात जवळजवळ १५ लिटर पाणी मावतं. रात्रभर ते गार पडतं. पाइपला इन्सुलेशन नाही. सकाळी जी पहिली उठते ती पाऊण बादली गार पाणी सोडून देते, नाहीतर कंटाळून रॉड लावते. म्हणजे वर ऊन फुकट आणि खाली पाणी वाया!

लहानपणी गावी आजीचा तांब्याचा बंब होता. बाबा अजून म्हणतात, “बंबाला खर्च शून्य.” मला आता वाटतं, शून्य कसा? काटक्या गोळा करायला आजी होती, धुरात डोळे चोळायला आजी होती. तिचं बिल कोणी काढलंच नाही, म्हणून शून्य.

आपल्या रॉडचंही तसंच आहे. पावणेसहा रुपयांची बादली आपल्याला फुकट वाटते, कारण बिल दुसरीकडे जातं. पण मागच्या जानेवारीत माझ्या रूममेटने पाणी तापलं का बघायला बटण बंद न करता बादलीत बोट घातलं. ती मागे फेकली गेली. संध्याकाळपर्यंत तिच्या हाताला मुंग्या येत होत्या. घरी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, सात रॉड जप्त झाले, दंड झाला. पाइप मात्र कोणीच पाहिला नाही.

नियम चुकीचा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. रॉड बंद व्हायलाच हवेत. पण गरम पाणी न देता नुसता रॉड बंद करणं म्हणजे रॉड लपवायला शिकवणं! माझं म्हणणं एवढंच: पाइपला इन्सुलेशन करा, प्रत्येक लाइनवर अर्थ लीकेज ब्रेकर बसवा आणि पावसाळ्यासाठी, ढगाळ दिवसांसाठी हीट पंप घ्या. गीझरच्या तुलनेत २०० मुलींमागे दिवसाला सातशे-साडेसातशे रुपये वाचतात. वर्षातले १५० दिवस धरले तर लाखाच्या वर.

आणि आपण? पाण्याच्या विजेला वेगळा मीटर बसवून त्याचं रीडिंग दर महिन्याला नोटीस बोर्डवर लावा, असं आपणच मागूया. ज्या दिवशी नळाला गरम पाणी येईल, त्या दिवशी माझा रॉड मी स्वतः रेक्टर मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवीन.

(हो, माझ्याकडेही आहे. आठवा रॉड. कपाटात, स्वेटरखाली!)