घ्यायचीच तर जोरदार?

"घ्यायचीच आहे तर जोरदार घे!" हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय, की त्याच्याविरुद्ध एकदा नीट लिहून टाकावं असं ठरवलं. कोरी गाडी घेणाऱ्याला लोक काय सल्ला देतात ते देवोत. मला बोलायचं आहे ते जुन्या गाडीबद्दल. त्यातही जिची एक साधी आणि एक पळणारी अशी दोन रूपं बाजारात आहेत, अशा गाडीबद्दल.

आमच्या घरातलंच उदाहरण घ्या. माझा पुतण्या चाकणला नोकरी करतो. त्याला जुनी फियाट पुंटो घ्यायची आहे. ही गाडी २००९ मध्ये आली, पुण्याजवळ रांजणगावला बनायची. तिचीच एक तिखट बहीण, अबार्थ पुंटो, कंपनीने ऑक्टोबर २०१५ मध्ये काढली. साध्या डिझेल पुंटोचं इंजिन पंच्याहत्तरच्या आसपास घोड्यांचं, तर अबार्थचं टर्बो पेट्रोल १४५ घोड्यांचं. उभी गाडी नऊ सेकंदांच्या आत शंभरच्या वेगाला जाते, असा कंपनीचा दावा. नवीन असताना दहा लाखांच्या आसपास होती, आता निम्म्यात मिळेल म्हणतात. पुतण्याच्या इथल्या दोस्तांचं मत ठरलेलं. "सादी कायले घेतं बे? दोन पैसे जास्त टाक, पन घ्याची त जोरदारच घे!"

तर मंडळी, या "दोन पैसे जास्त"चा हिशोब करू.

जुन्या गाडीची किंमत उतरते, खर्च उतरत नाही. टायर, क्लच, टर्बो, डिस्क यांच्या दुकानदाराला तुम्ही गाडी कितीला घेतली याच्याशी काही देणंघेणं नसतं. दहा लाखांची गाडी पाच लाखांत घेतली, तरी दुरुस्ती दहा लाखांच्या गाडीचीच येते. वय झालेलं असल्यामुळे ती पुन्हा पुन्हा येते. साध्या पुंटोचं १.३ डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये होतं, टाटाच्या इंडिका विस्टामध्ये होतं. गाड्यांवर लिहिणारे त्याला गमतीने "राष्ट्रीय इंजिन" म्हणत. मोताळ्याचा मेकॅनिकही ते डोळे मिटून खोलतो. अबार्थचं इंजिन मात्र लिनिया टी-जेटसारख्या मोजक्याच गाड्यांत होतं. त्यात फियाटने २०१९ च्या सुमारास भारतात गाड्या विकणंच थांबवलं. उद्या एखादा भाग गेला तर तो शोधत कोणी हिंडायचं? दोस्त तर हिंडणार नाहीत!

दुसरी गोष्ट, आधी ही गाडी कोणाच्या हातात होती? आमच्या विदर्भात शंकरपट चालतो. पटाची जोडी सुटली की बघायला मलाही आवडतं. पण पटावर पळून झालेला बैल बाजारात आला, तर औताला बैल शोधणारा शेतकरी काय करतो? त्याचे दात बघतो, खूर बघतो, दोन पावलं चालवून बघतो. "पटाचा आहे" असं विकणाऱ्याने सांगितलं की चार प्रश्न जास्तच विचारतो. गाडीच्या बाजारात मात्र नेमकं उलटं. तिथे "पटाची" म्हटलं की गिऱ्हाईक भाव वाढवायला तयार! अहो, १४५ घोड्यांची गाडी कोणी फक्त शेगावला दर्शनाला जाण्यासाठी घेत नाही. ज्याने हौसेने घेतली त्याने ती दामटली असणारच. ते दामटणं मीटरवरच्या किलोमीटरमध्ये दिसत नाही.

यावर माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "पण सर, ओव्हरटेक करताना ताकदच जीव वाचवते." मुद्दा खोटा नाही. मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला जाताना कापसाच्या ट्रकमागे अडकलेल्या कोणालाही तो पटेल. चटकन पुढे निघणारी गाडी समोरच्याच्या वाटेत कमी वेळ राहते. पण हाताशी जोर असलेला माणूस, साध्या गाडीत जिथे पुढे गेला असता तिथेच जातो का? नाही. जी फट साध्या गाडीत त्याने सोडून दिली असती, तिच्यात तो घुसतो. वळणापलीकडून येणाऱ्या एस्टीच्या ड्रायव्हरला तुमच्या गाडीत किती घोडे आहेत हे ठाऊक नसतं.

मी काही विज्ञानाचा मास्तर नव्हे, बी.ए. मराठी माध्यमातून केलेला माणूस. पण एवढं गणित मलाही येतं. साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, एकशेवीसच्या वेगाने ३३ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा. तिथून पुढे, रस्ता कोरडा आणि टायर चांगले असले तरी, साठला थांबायला वीसेक मीटर लागतात आणि एकशेवीसला ऐंशी. वेग दुप्पट, अंतर चौपट. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. जुन्या विद्यार्थ्यांच्या लग्नांना जातो, तसं काहींच्या तेरवीलाही जावं लागलं आहे. तिथे कोणी विचारत नाही की गाडी साधी होती की टॉपची.

आता अबार्थच्या बाजूचा एक खरा मुद्दा. तो पुतण्याच्या दोस्तांना सुचला नाही, म्हणून मीच सांगतो. तिला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, साध्या डिझेल पुंटोला मागे ड्रम. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत पळणारीच सरस! माझा खरा राग आहे तो इथे. नीट थांबणं हे जास्त पळण्याच्या पाकिटात घालूनच का विकायचं? आपल्याकडे वर्षानुवर्षं एबीएस आणि एअरबॅग महागड्या मॉडेलसाठी राखून ठेवल्या गेल्या. साधी गाडी घेणाऱ्याचं डोकं काय स्वस्त असतं? सगळ्या मोटारींना एबीएस सक्तीचं व्हायला एप्रिल २०१९ उजाडला, ड्रायव्हरच्या एअरबॅगला जुलै २०१९.

पैसे वाचवायचे तर आधी कुठे वाचवतात, याचं माझ्या पिढीने पाहिलेलं उदाहरण म्हणजे राजदूत ३५०. 'हीरो' सिनेमात जॅकी श्रॉफच्या हाती होती ती. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये ती आणली. मूळ जपानी यामाहाला पुढे डिस्क ब्रेक होता, इकडे आली ती ड्रम लावून. जोर मात्र साडेतीस घोड्यांचा! पुढे २७ घोड्यांची, जरा कमी पिणारी दुसरी निघाली. आजही जुनी राजदूत शोधणारा पहिला प्रश्न विचारतो, "एचटी का एलटी?" साडेतीन घोड्यांसाठी घासाघीस चालते. ब्रेकच्या लायनरचं काय, हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे.

आणि साधी गाडी घेतली की सुटलो, असंही कोणी समजू नये. आमच्याच जिल्ह्यात, सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर, १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर एक बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. ती काही शर्यतीची गाडी नव्हती. म्हणून माझं म्हणणं असं की जुन्या गाडीचं इंजिन सगळ्यात शेवटी बघा.

आधी टायर बघा. कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ लिहिलं असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी असला टायर बदलायचाच. मग ब्रेक. मग टायमिंग बेल्ट किंवा चेन कधी बदलली त्याची पावती. मग एबीएस आणि एअरबॅग आहेत का, आणि त्यांचे दिवे चाबी फिरवल्यावर लागून विझतात का. एवढं झाल्यावर खिशात पैसे उरले, तर घोड्यांबद्दल बोलू.

पुतण्याला मी हेच सांगितलं आहे. साधी पुंटो घे, पण तिच्यातली एबीएस आणि एअरबॅगवाली शोध, अशा निघाल्या होत्या. अबार्थसाठी जे वरचे पैसे लागणार होते त्यातून चार नवे टायर आणि पूर्ण ब्रेकचं काम करून घे. तरीही बरेच उरतील, ते बाजूला ठेव. जुनी गाडी कधीतरी ते मागतेच.

राहिले सल्ला देणारे दोस्त. त्यांना माझी एक विनंती आहे. "जोरदारच घे" म्हणताना त्या गाडीच्या दोन टायरांचे पैसे आपल्या खिशातून काढून द्यायचे. तेवढी तयारी असेल तर या घरी, चहा घेऊ आणि पुढे बोलू.