सनद मिळाली, अध्ययन संपले काय?

जमावबंदीचे १४४ कलम म्हणजे काय, हे सीमाभागातील मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. लढ्याच्या तीन पिढ्यांनी ते पुस्तकात नव्हे, लाठीच्या धाकाखाली वाचले आहे. परंतु तोंडपाठ झालेला तो आकडा आता इतिहासजमा झाला. १ जुलै २०२४ पासून तो अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमात गेला. आदेशभंगाच्या १८८ कलमाची जागा भारतीय न्याय संहितेच्या २२३ व्या कलमाने घेतली. १८६० ची दंडसंहिता, १८७२ चा पुराव्याचा कायदा आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता हे तिन्ही एकाच दिवशी मागे पडले.

केवळ आकडेच बदलले असते, तर भिंतीवर तक्ता टांगून भागले असते. पण आशयही बदलला आहे. ज्या गुन्ह्याला फाशी वा जन्मठेप नाही, त्यात पूर्वी कधीही दोषी न ठरलेला आणि अन्य खटला डोक्यावर नसलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत राहिला, तर त्याला बंधपत्रावर मुक्त करावे, असे नवे ४७९ वे कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हा लाभ जुन्या खटल्यांतील कैद्यांनाही दिला. ज्याच्या वकिलाला हे ठाऊक नाही, त्या गरिबाने आणखी किती दिवस गज मोजावेत? उलट, १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंडसंहिता लागते. म्हणजे आजच्या वकिलाला दोन्ही पोथ्या उघड्या ठेवणे प्राप्त आहे.

म्हणूनच ‘वेबिनार’ नावाच्या घरबसल्या व्याख्यानांचे आम्ही स्वागत करतो. खानापूरच्या वा निपाणीच्या तरुण वकिलाला मुंबईच्या नामांकित विधिज्ञाचे विवेचन आता प्रवासखर्चाविना ऐकता येते. मात्र पडद्यावर नाव झळकावून आपण दुसऱ्याच कामात गढायचे आणि शेवटी प्रमाणपत्र पदरात पाडायचे, याला अध्ययन म्हणत नाहीत. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांवर वर्षाला १६ तासांची सक्ती होती. २०१६ मध्ये तिथेही तासांची मोजदाद सोडून देऊन आपले ज्ञान ताजे ठेवण्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर टाकण्यात आली. बोध स्पष्ट आहे: घड्याळ शिकत नाही, माणूस शिकतो.

आमची खरी तक्रार भाषेची आहे. ही व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत होतात आणि अशील मात्र आपले गाऱ्हाणे मराठीत सांगतो. नवा कायदा त्याला त्याच्या भाषेत उलगडून सांगता आला नाही, तर वकिलाचे पांडित्य त्याच्या काय कामाचे? सीमाभागातील ज्येष्ठ मराठी वकिलांना आमचे आवाहन आहे की, त्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ द्यावी. कचेरी सुटल्यावर, विनामूल्य, मराठीत, प्रत्यक्ष खटल्यांच्या आधारे एकेक कलम समजावून द्यावे आणि नवशिक्यांच्या प्रश्नांना निम्मा वेळ राखावा. यासाठी सरकारी अनुदान नको, कोणाची परवानगीही नको.

महाराष्ट्राचा सीमादावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. न्यायाची इतकी दीर्घ वाट पाहणाऱ्या जनतेच्या वकिलाने कालच्या कायद्यावर आजची लढाई लढू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.