दोघी असूनही एकट्या

दोन बायका मिळून कुठे निघाल्या की त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुम्ही दोघीच? एकट्या?" या प्रश्नातलं व्याकरण जरा तपासून बघा. दोघी आहेत, आणि तरी एकट्या आहेत! दोन पुरुष निघाले तर ते "दोघे मित्र" असतात. एका बाईबरोबर तिचा सातवीतला भाचा असला तरी "सोबत आहे" म्हणून समाजाचा जीव भांड्यात पडतो. पण दोन धडधाकट, कमावत्या, पस्तिशीच्या बायकांची बेरीज मात्र एकही होत नाही.

हा प्रश्न गेल्या डिसेंबरात मी आणि माझ्या मैत्रिणीने तीन दिवसांत इतक्या वेळा ऐकला, की शेवटी आम्ही मोजणं सोडून दिलं. आम्ही कोयनेच्या पाण्यावर गेलो होतो. काम नव्हतं, सर्व्हे नव्हता, शिबिर नव्हतं. दोघींनी वल्हवायची निमुळती होडी, तिला कनू म्हणतात, ती घेऊन काठाकाठाने जायचं, संध्याकाळी कुणाच्या तरी शेतात विचारून तंबू ठोकायचा, सकाळी पुन्हा पाण्यात उतरायचं, एवढाच बेत होता. दोघींना पोहता येतं. होडी चालवायला रीतसर शिकलो होतो. लाइफ जॅकेट होती. पलीकडचा किनारा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा, तिकडे मुक्काम करायचा नसतो हे ठाऊक होतं, म्हणून अलीकडच्या गावांच्या बाजूने राहिलो.

जलाशयाकाठच्या एका गावात होडी भाड्याने मिळते असं कळलं होतं. मालकाने पैसे विचारायच्या आधी विचारलं, "बरोबर जेन्ट्स कोण आहेत?" कुणी नाही म्हटल्यावर त्याने होडी नाकारली. पोहता येतं का, हे विचारलं नाही. वल्हं कधी हातात धरलंय का, हे विचारलं नाही. आमच्या आधी चार कॉलेजची पोरं होडी घेऊन गेली. त्यातल्या दोघांनी जॅकेट अंगात न घालता डोक्यावर घेतलं होतं. त्यांना काही विचारायची गरज नव्हती, कारण ते स्वतःच जेन्ट्स होते. शेवटी होडी दुसरीकडून मिळवली. तंबूसाठी जागा विचारताना पुढचा प्रश्न आडनावाचा आला, तेही इथे नोंदवते. माझ्या मैत्रिणीच्या आडनावानंतर एका शेताची जागा अचानक "ओली" झाली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. तेव्हा प्रश्न पाणी पिण्याचा होता. पाण्याकाठी एक रात्र झोपायचा प्रश्न अजून तसाच आहे, आणि बाईला तो दुप्पट भरावा लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. परत आल्यावर ज्यांच्याबरोबर मी बारा वर्षं काम करते, त्या आमच्याच गटातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला विचारलं, "बायका हंडे घेऊन मैलमैल चालतात आणि तू मजेसाठी पाण्यावर गेलीस? हा काय बायकांचा प्रश्न झाला?" त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी मोर्चे काढले म्हणून माझ्या पिढीला एम.एस.डब्ल्यू. करून पगारी काम मिळालं. पण या प्रश्नाला उत्तर दिलंच पाहिजे, कारण तो एकट्या त्यांचा नाही. आपल्या सगळ्या चळवळीच्या पोटात तो दडून बसला आहे.

विसावा हा चोचला असेल, तर मग नारायण मेघाजी लोखंडे यांनी काय केलं? गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून ते वर्षानुवर्षं भांडले. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत कामगारांची प्रचंड सभा भरली, त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला रविवारची सुट्टी मंजूर झाली. तेव्हा कुणी म्हटलं नाही की लोक उपाशी असताना ही सुट्टीची भाषा कसली! विसावा हा श्रमाचा हक्क आहे, हे या महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वीच मान्य केलं आहे. फक्त तो रविवार बायकांपर्यंत पोचला नाही. रविवारी सगळे घरी, म्हणजे दोन भाज्या जास्त, मटण असेल तर वाटण, आणि दुपारी चार वाजता पाहुणे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचे आकडे पाहा: घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाची २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. आणि ही ८८ मिनिटंही सगळ्या पुरुषांची नाहीत, जे काहीतरी करतात त्यांचीच आहेत. म्हणजे बाई रोज पावणेपाच तासांहून जास्त बिनपगारी राबते, आणि तिने तीन दिवस काढले तर आपल्यालाच तिचा हिशेब मागावासा वाटतो.

जी हंडा घेऊन चालते तिला मजा नको असते, हे आपण कुठून काढलं? तिला विचारलं कधी? वस्तीतल्या बचत गटात मी हा प्रश्न टाकला. "एक अख्खा दिवस तुझा, घरच्या कुणाचाच नाही, तर काय करशील?" पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग एकजण म्हणाली, झोपेन. दुसरी म्हणाली, झोपेन. तिसरी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "नदीत बसंन. कपडे न घेता." पुन्हा हशा झाला. तिने घाईघाईने सांगितलं, धुवायचे कपडे न घेता! पण मला ते वाक्य विसरता येत नाही. नदीवर आपण जन्मभर जातो, पण बादली, धुणं, हंडा किंवा निर्माल्य हातात असल्याशिवाय आपल्याला तिथे थांबायचं कारण नसतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' या २०११ च्या पुस्तकात मुंबईच्या रस्त्यांबद्दल हेच मांडलं: बाईला बाहेर दिसायला काहीतरी काम लागतं, उगाच रेंगाळण्याचा हक्क तिला नसतो. रस्त्याला लागू आहे तेच नदीला लागू आहे.

आणि कोयनेच्या पाण्यावर बाईने वल्हं मारणं हे काही नवल नाही. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत हा जलाशय ओलांडतात आणि पुढे जंगलातून चालतात, ही बातमी वाचून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. घ्यायलाच हवी होती. पण बघा, त्या मुली शाळेसाठी, म्हणजे कष्टासाठी वल्हवत होत्या तोवर गावाने, पालकांनी, कुणीही "बरोबर जेन्ट्स कोण?" विचारलं नव्हतं. बाई गरजेपोटी पाण्यात उतरली की ती बिचारी, आणि आनंदासाठी उतरली की ती मोकाट. पाणी तेच, होडी तीच, धोकाही तोच.

दुसऱ्या मुक्कामी ज्यांच्या शेतात आम्ही राहिलो, त्या ऐंशीच्या घरातल्या आजी. त्यांचं माहेर या धरणात बुडालं. त्या एकट्या बाईने आम्हाला जेन्ट्सबद्दल विचारलं नाही. आमचं वल्हं हातात घेऊन वजन बघितलं, म्हणाल्या, "हलकं हाय. आमचं लई जड असायचं." लग्न होऊन आल्या तेव्हा पाणी नवंनवं भरलेलं. पल्याडचं रान, बाजार, माहेरची माणसं, सगळीकडे जायला होडी, आणि ती बायकाही हाकायच्या. "मग मशीनच्या लाँचा आल्या. तवापास्नं बाप्यांचं काम झालं त्ये." आम्ही त्यांना होडीत बसवलं. त्यांनी पदर खोचला आणि पुढच्या जागेवर बसून असं काही वल्हं मारलं की माझी मैत्रीण मागे बसून नुसती बघत राहिली.

"बाप्यांचं काम झालं." एवढ्या एका वाक्यात आपल्या विकासाचा सगळा इतिहास आहे. जातं बाईचं, गिरणी पुरुषाची. विळा बाईच्या हातात, मळणीयंत्र पुरुषाच्या. होडी दोघांची, लाँच मात्र त्याची. आज या काठाला पर्यटन आलंय. तंबू, बोटिंग, सूर्यास्त, सगळं आहे. त्यात बाई कुठे दिसते? चुलीपुढे. "चुलीवरचं जेवण" अशी पाटी मोठ्या अभिमानाने लावलेली असते. बोटीचा धंदा, तिकिटाची पेटी आणि इंजिनाची किल्ली पुरुषांकडे. राज्य सरकारने २०२३ मध्ये बायकांसाठी पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाच्या धंद्यासाठी बायकांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा, अशी त्यात सोय आहे. चांगलीच आहे, आपल्या गटांनी ती पदरात पाडून घ्यावी. पण धोरणाचं नाव काय, तर 'आई'! बाईने उंबरा ओलांडायचा तर आधी कुणाची तरी आई होऊन. आणि त्या कर्जातून पुन्हा चुलीच उभ्या राहणार असतील, तर आपण बोटीचं इंजिन मागितलं पाहिजे.

सुरक्षिततेचं काय, असं तुम्ही विचारालच. विचारा. रात्री आम्हाला भीती वाटली. बिबट्याची नाही, पाण्याची नाही. अकराच्या सुमारास वरच्या रस्त्यावर मोटरसायकलचा दिवा दिसला आणि दोघीही श्वास धरून बसलो. दिवा पुढे निघून गेला. ही भीती खोटी नाही, आणि ती नाहीच असं शौर्याचं सोंग मी करणार नाही. पण भीतीचा पत्ता नीट लिहा. २०२२ मध्ये देशात बायकांवरच्या गुन्ह्यांची जी नोंद झाली, त्यातला सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचा होता. आपल्या समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीला हे आकड्याशिवायही माहीत आहे. तरीही कुणी मुलीला "लग्न करतेस? एकटीच? त्या घरात?" असं विचारत नाही. प्रश्न फक्त नदीवर जाणारीला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी एकटीने जायची मुभा असलेल्या बायका जेमतेम ४२ टक्के निघाल्या. उरलेल्यांना घरात ठेवून किती जणी वाचल्या, याचा हिशेब कुणी देईल का?

उलट, घरात ठेवल्याने बायका मेल्या याचा हिशेब आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर ऑक्सफॅमने पाहणी केली. तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात मेलेल्या बायकांची संख्या पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट होती. पुरुष मासेमारीला खोल समुद्रात होते, बायका किनाऱ्यावर वाट बघत होत्या, हे एक कारण. पण त्यांना पोहता येत नव्हतं, झाडावर चढता येत नव्हतं, हेही कारणच. समुद्राकाठी जन्म काढलेल्या बायका! मुलगा पाच वर्षांचा झाला की बाप त्याच्या पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलतो. मुलीला मात्र "पाण्यापासून लांब राहा" शिकवतात.

बाईने पाण्यावर पराक्रम केला तर आपल्याला आवडतो, हे मी नाकारत नाही. बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली १८ जणी १९९४ मध्ये हरिद्वारहून कोलकात्यापर्यंत गंगेतून तराफ्यांनी गेल्या. नौदलाच्या दिलना आणि रूपा ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०२५ मध्ये परतल्या. दोघीच होत्या! तिथे कुणी जेन्ट्स विचारले नाहीत, कारण डोक्यावर तिरंगा होता. झेंड्यासाठी गेलेली बाई चालते, मुलांसाठी, देवासाठी, कामासाठी गेलेलीही चालते. स्वतःसाठी गेलेली चालत नाही. आणि खास महिलांसाठी म्हणून ज्या सहली निघतात, त्यात बसमध्ये अंताक्षरी आणि संध्याकाळी पैठणीचा खेळ! जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, तेवढं तरी मिळतंय. पण तिथे बाईच्या हातात वल्हं कुणी देत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या गटांच्या वर्षभराच्या कार्यक्रमात कायद्याची माहिती, आरोग्य तपासणी, कर्जफेड, सगळं असतं. पोहणं कुठे आहे? मी आमच्या गावच्या जलतरण तलावात बायकांची वेळ विचारायला गेले. दुपारी साडेअकरा ते साडेबारा, एक तास, तोही आठवड्यातून पाच दिवस. उन्हातान्हाच्या त्या वेळेला एकही नोकरदार किंवा मजूर बाई येऊ शकत नाही. "बायका येतच नाहीत" असं वर ऐकवलं. आम्ही अठ्ठावीस जणींच्या सह्यांचं निवेदन दिलंय, संध्याकाळी सहा ते सातच्या वेळेसाठी. उत्तर आलेलं नाही. मे महिन्यात दहा दिवसांचं पोहण्याचं शिबिर घ्यायचं ठरवलंय, तलाव मिळाला तर तिथे, नाही तर एका मैत्रिणीच्या मळ्यातल्या विहिरीवर. आतापर्यंत सोळा नावं आली आहेत, त्यात एक सासू-सून जोडी आहे. पोहायला शिकवू शकणाऱ्या दोन बायका हव्या आहेत. अंगात काय घालायचं यावर अजून बैठकीत भांडण चालू आहे.