वर अडकलेले ओझे

दिवाळीपूर्वी माळा आवरण्याचा प्रसंग घरोघरी येतो. एखादा पितळी डबा काठावर कलतो आणि आपण स्टुलावर चढून, टाचा उंचावून तो ओढू पाहतो. डबा खाली येतो तेव्हा बहुधा एकटा येत नाही. याच अनुभवाचे फार मोठे रूप परवा आमच्या कानी आले, म्हणून आज हा विषय.

आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा पीथमपूरच्या एका गोदामात नोकरीस आहे. तेथे छतापर्यंत लोखंडी रॅक असून प्रत्येक कप्प्यात पॅलेटवर माल रचलेला असतो. एका सायंकाळी फोर्कलिफ्टचा धक्का लागून चौथ्या कप्प्यातील पॅलेट घसरले आणि तिरपे होऊन अडकले. खाली ट्रक भरण्याची घाई होती. मुकादमाने त्याला रॅकवर चढून माल सरळ करावयास सांगितले. त्याने नम्रपणे नकार दिला. वहिनी काळजीने आमच्याकडे आल्या. "नाना, तुम्हीच सांगा, एवढ्यासाठी नोकरी पणाला लावायची का?"

आमचे उत्तर असे, की मुलाने योग्य तेच केले. रॅक म्हणजे शिडी नव्हे. त्याच्या आडव्या तुळया खांबांच्या खाचांत अडकविलेल्या असतात. त्या वरून येणारा भार पेलतात, पण खालून जोराचा धक्का बसला तर निसटू शकतात. खांब पोलादी असले तरी पत्रा वाकवून केलेले असतात. त्यांना एक पोचा पडला तरी ताकद बरीच घटते. इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात २०१६ साली एका गोदामातील चीजने भरलेले रॅक कोसळले आणि फोर्कलिफ्टचा चालक कित्येक तास ढिगाऱ्याखाली अडकून पडला. सुदैवाने तो जिवंत निघाला. सर्वांचेच दैव असे नसते.

मग असे ओझे उतरवावे कसे? प्रथम माणसे दूर करावीत. पुढची वाट तर बंद करावीच, पण मागचीही करावी. कारण रॅक पाठीला पाठ लावून उभे असतात आणि पुढून लोटलेला माल मागच्या वाटेत कोसळतो. नंतर दुरूनच नीट पाहावे. खांब वाकला आहे काय? तुळई निसटली आहे काय? तसे असल्यास कशालाही हात न लावता रॅकच्या जाणकारास बोलवावे.

सांगाडा शाबूत असेल, तर कठड्याचा यांत्रिक मंच आणून, त्यावरून सुरक्षापट्टा बांधलेल्या प्रशिक्षित माणसाने वर जावे. मंच ओझ्याच्या खाली किंवा ते पडण्याच्या वाटेत उभा करू नये. फोर्कलिफ्टच्या नुसत्या फोर्कवर किंवा पॅलेटवर माणूस उभा करून वर चढविणे हा तर शुद्ध आत्मघात होय. कललेले ओझे आधी पट्ट्यांनी बांधून स्थिर करावे. नंतर वरची खोकी एकेक करून, मंचाची वजनमर्यादा सांभाळून उतरवावीत आणि रिकामे पॅलेट शेवटी घ्यावे. ओझे स्थिर करता येत नसेल, तर मालाचे नुकसान सोसावे, पण माणूस वर पाठवू नये.

काम झाले म्हणजे सारे संपले असेही नाही. तो कप्पा तपासणी होईपर्यंत रिकामाच ठेवावा आणि कारण शोधावे. पॅलेट मोडके होते, वजन जास्त होते, उजेड अपुरा होता, की चालकास घाई केली गेली? कारण न शोधल्यास तोच प्रसंग पुन्हा ओढवतो.

त्या गोदामात दुसऱ्या दिवशी भाड्याने मंच आला आणि माल उतरला. काही खोकी फुटली, ट्रक एक दिवस उशिरा सुटला. मुलाची नोकरी कायम आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज अशा गोदामांतून कामास जातात. रात्री ताटावर बसल्यावर त्यांना एकदा विचारावे, वरचे ओझे अडकले तर तुमच्याकडे काय करतात? "कोणीतरी चढतो" असे उत्तर आले, तर "तो कोणीतरी तू होऊ नकोस, आणि दुसऱ्यालाही होऊ देऊ नकोस," एवढे वडीलधाऱ्यांनी अवश्य सांगावे. नोकरी जाण्याची भीती मुलाला असतेच. घरच्यांनी ती वाढवू नये.