कपाटाची किल्ली कुणाकडे?

परवा सोलापुरातल्या एका शाळेत जाण्याचा योग आला. बाईंनी कौतुकाने विज्ञानाचं कपाट उघडून दाखवलं. भिंगं, चुंबकं, तारा, छोट्या मोटारी, सगळं नवंकोरं. "मुलं वापरतात का हो?" असं विचारलं, तर बाई कसनुसं हसल्या. "फुटलं-तुटलं तर डेडस्टॉक रजिस्टरला उत्तर कोण देणार?" बाईंना दोष द्यावासा वाटेना. वस्तू मोडली तर जबाबदारी त्यांची आणि मूल काही शिकलं तर त्याची नोंद कुठेच नाही, अशी ही रीत!

'करून शिकणं' हे काही नवीन खूळ नाही. वर्ध्याला 1937 मध्ये गांधीजींनी नई तालीम मांडली. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 पासून गावातल्या मुलांच्या हातात हत्यारं दिली. 2016 मध्ये केंद्र सरकारने अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. एका शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान. 2025च्या अर्थसंकल्पात तर पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा 50 हजार लॅब उभ्या करण्याची घोषणा झाली. ऐकायला छानच वाटतं. पण ही लॅब सहावीपासून पुढच्या मुलांसाठी. खेडोपाडी जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच असते. म्हणजे ज्या वयात मूल प्रत्येक वस्तू खोलून बघतं, त्या वयाच्या वाट्याला काय? तर फळा!

आपल्याच जिल्ह्याने जगाला एक उदाहरण दिलं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणून त्यांनी धडे ऐकते-बोलते केले. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. केवढा अभिमान वाटला होता तेव्हा! पण एका गुरुजींच्या जिद्दीवर सगळ्या शाळा कशा चालणार? गुरुजींची बदली झाली की उपक्रमाचीही बदली, हे आपण कितीदा पाहतो.

दुसरी गोष्ट कलेची. वेळापत्रकात चित्रकला असते, कार्यानुभव असतो. परीक्षा जवळ आली की ते तास गणिताला जातात. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील, तर कला आणि कार्यानुभवासाठी अर्धवेळ शिक्षक हवेत, असं 2009चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तुमच्या शाळेत आहेत का? एकदा विचारून बघा.

खरं तर सोलापूरला प्रयोगशाळा बाहेरून आणायची गरजच काय? चादरीवरची नक्षी ज्या जेकार्डवर उतरते, त्याची करामत भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. भोक असेल तिथे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. हो किंवा नाही, एवढंच! फ्रान्समध्ये 1804च्या सुमारास आलेली ही युक्ती पाहूनच चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात तसेच पुठ्ठे घेतले. म्हणजे संगणकाचा एक पूर्वज आपल्या पूर्व भागात खडखडतो आहे आणि मागवाल्याची लेक संगणकाची व्याख्या पाठ करते आहे. विडी वळणारी आई एका तेंदूपानातून जास्तीत जास्त तुकडे कसे निघतील, ते नजरेने ठरवते. ही भूमितीच नव्हे का? नव्या शैक्षणिक धोरणात (2020) सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकायचे सांगितले आहेत. ते दहा दिवस मागावर, कुंभाराकडे, गवंड्याकडे आणि हो, या आयांकडेही घालवता येतील.

आणखी एक बारीकशी गोष्ट. प्रयोग होतो तेव्हा पक्कड कुणाच्या हातात असते? बहुतेक वेळा मुलगे जोडणी करतात आणि मुली सुंदर अक्षरात वही लिहितात. घरी मिक्सर बंद पडला तर आपण तरी कुणाला हाक मारतो? लॅब आली, तरी ही सवय आपोआप जाणार नाही.

मग आपण काय करायचं? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा कायदा आहे. बऱ्याच जणी सही करून परत येतात. पुढच्या बैठकीला सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा: कपाट आठवड्यातून किती वेळा उघडतं? कलेचा तास खरंच होतो का? मुलींच्या हातात पक्कड येते का? आणि एक ठरावही करून घ्या, की मुलांच्या हातून प्रयोगात मोडलेल्या वस्तूचा भुर्दंड बाईंवर पडू नये, यासाठी समिती त्यांच्या पाठीशी उभी राहील.

भाकरी थापायला शिकताना आपल्याही पहिल्या चार भाकऱ्या फाटल्याच होत्या की. तेव्हा आईने पीठ काही कुलपात ठेवलं नव्हतं.