मायन्यातली नाती आणि वंशवृक्षाचा हव्यास

घराण्याचा मूळपुरुष शोधण्याचा छंद आपल्याकडे बराच फोफावला आहे. राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत घर आवरताना माळ्यावरून पहिल्या महायुद्धातल्या पणजोबांची पत्रे निघाली, की मंडळी आधी आडनाव, मूळ गाव आणि कुळी शोधतात. तेवढे हाती लागले की पत्रांचे काम संपते. न लागले तर पत्रे रद्दीत जातात. या वाचनपद्धतीला आमचा स्पष्ट विरोध आहे.

मुळात वंशावळीचा पुरावा म्हणून ही पत्रे कच्चीच. जुन्या पत्रव्यवहारात 'तीर्थरूप' वडिलांना लिहीत तसेच चुलत्यालाही. 'चिरंजीव' मुलाला तसेच पुतण्यालाही. मायना मान सांगतो, रक्ताचा दाखला देत नाही. शिवाय निरक्षर शिपायाचे पत्र लिहिणारा दुसरा आणि गावी वाचून दाखवणारा तिसरा. अशा पत्रात 'मी' नेमका कोणाचा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला पडायला हवा.

फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रे सेन्सॉरखालून जात. त्यांचे इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतले निवडक १९९९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हे उतारे मोलाचे खरे. पण त्यांतले इंग्रजी पुन्हा मराठीत आणून त्याला पूर्वजांची वाणी म्हणणे ही आत्मवंचना होय.

त्यातून मराठा पलटणी मोठ्या संख्येने लढल्या त्या मेसोपोटेमियात. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीत गेल्या. बसऱ्याच्या स्मारकावर सामान्य हिंदी शिपायांची नावे कोरलीच नाहीत. पलटणवार आकडे तेवढे दिले. स्मरणातल्या या विषमतेची जाहीर कबुली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या अहवालाने २०२१ साली दिली. ज्यांना दगडावर नाव मिळाले नाही, त्यांचे शब्द निदान कागदावर टिकावेत की नाही?

कुळीच्या शोधात आणखी एक अन्याय दडलेला आहे. १९१७ साली १११वी महार पलटण उभारली गेली आणि युद्धानंतर काही वर्षांतच मोडली. ज्यांच्या घरी मिरवण्याजोगी वंशावळ नव्हती, त्यांच्या पत्रांचे मोल या तराजूत शून्यच ठरणार. ज्यांना उद्देशून पत्रे लिहिली त्या आया-बायकांचेही तसेच. पुरुषांच्या वंशवृक्षात त्यांना जागा कुठली?

म्हणून आमची मागणी साधी आहे. मराठीच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना मोडी शिकवावी आणि घरोघरची पत्रे लिप्यंतरासाठी मागवावीत. कोणाचा वारस कोण, हे नंतर पाहता येईल. पत्र कोणी सांगितले, कोणी लिहिले, पगार आणि पेरणीच्या चौकशीआड काय सांगायचे टाळले, हे आधी वाचावे. पत्रे रद्दीत गेली, तर हे वाचनही कायमचे जाईल.